उजव्या खुब्यावरचा डाग

२००८ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी, माझ्या वडिलांच्या हाडांचा स्कॅन झाला. मंगळवारी संध्याकाळी अहवाल मिळाला. उजव्या खुब्यापाशी, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावर एक डाग होता. आजार तिथे पसरला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे त्याखाली लिहिले होते.

वडील तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. ऑक्टोबरात त्यांची लघवी अडली. रक्ताच्या तपासणीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या आजारात वाढते ती पातळी, चौदा आली. त्या वयात ती चारच्या आसपास असावी, असे मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी सांगितले. नोव्हेंबरात बायोप्सी झाली आणि प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. डिसेंबरात एमआरआय झाला. त्यात गाठ ग्रंथीच्या आतच होती, कवच फुटलेले नव्हते. ही बातमी चांगली समजायची, असे डॉक्टर म्हणाले. ग्रंथी पूर्ण काढून टाकता येईल आणि माणूस बरा होईल.

त्यासाठी मुंबईचे एक सर्जन महिन्यातून एका रविवारी नाशकात येत. जानेवारीचा त्यांचा रविवार स्कॅननंतर सहाच दिवसांनी होता. वडिलांचे नाव यादीत होते. राहिली होती एकच तपासणी. आजार हाडांत गेलेला नाही, हे स्कॅनने दाखवायचे होते. हाडांत गेलेला असेल तर ग्रंथी काढून उपयोग नसतो.

नाशकात हा स्कॅन सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. सोमवारी सकाळी साडेनऊला वडिलांना हातात इंजेक्शन दिले. ते औषध किरणोत्सारी असते आणि हाडांत जाऊन बसते. जिथे हाडाची उलथापालथ चालू असेल तिथे जास्त बसते आणि कॅमेऱ्याला ती जागा गडद दिसते. मधले तीन तास भरपूर पाणी प्यायचे आणि वारंवार लघवीला जायचे. हाडांत न बसलेले औषध लघवीवाटे बाहेर पडते. हे सगळे तिथल्या टेक्निशियन बाईंनी समजावून सांगितले. वडिलांनी मान डोलावली आणि किती लिटर, एवढेच विचारले.

त्यांचा नंबर आला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये फोनवर होते. मी एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होते आणि त्या दिवशी माझी रजा अर्धीच मंजूर झाली होती. दारापाशी चाललेले बोलणे मला ऐकू येत होते.

"काका, अंगावर धातूचं काही असेल तर काढून ठेवा."

वडिलांनी घड्याळ, पट्टा, किल्ल्या, सुटी नाणी, चष्मा आणि शर्टाच्या खिशातले पेन ट्रेमध्ये एका ओळीत मांडले.

"अहो काका, एवढं तर विमानतळावरही कुणी काढत नाही."

"चौतीस वर्षांची सवय आहे," वडील म्हणाले आणि आत गेले. वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर आले. मी त्यांना रिक्षाने घरी सोडले आणि कामावर गेले.

बुधवारी आम्ही तिघे, म्हणजे वडील, आई आणि मी, मूत्रविकाराच्या डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी लगेच खुब्याचा एक्स-रे काढून आणायला लावला. अर्ध्या तासात तो आला. त्यांनी तो प्रकाशाच्या पेटीवर लावला, शेजारी स्कॅनची फिल्म लावली आणि बराच वेळ पाहिले.

"एक्स-रेत काही नाही," ते म्हणाले.

"मग सुटलो की," आई म्हणाली.

"नाही ना, ताई. हाडाचा बराच भाग पोखरल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही. स्कॅनला आधी कळतं. एक्स-रे चांगला आला, एवढ्यावर मी रविवारी पोट उघडायला सांगू शकत नाही."

त्यांनी आमच्यासमोरच सर्जनना फोन लावला. बोलणे दोन मिनिटांत संपले. खुब्यावर डाग असताना मी हात लावणार नाही, असे सर्जन म्हणाले होते. डॉक्टरांनी पर्यायही सांगितला. शनिवारी एक इंजेक्शन सुरू करायचे. त्याने शरीरातले पुरुषी संप्रेरक थांबते आणि आजाराची वाढ मंदावते.

"वाईट औषध नाही. त्याच्यावर माणसं वर्षानुवर्षं राहतात," डॉक्टर म्हणाले.

"राहतात म्हणजे?" मी विचारले.

"राहतात. बरी होत नाहीत."

"आणि ऑपरेशन नंतर करता येईल?"

"एकदा हा रस्ता धरला की तो सहसा मागे फिरत नाही."

वडिलांनी शनिवारी किती वाजता यायचे ते विचारले. चार वाजता, असे उत्तर मिळाले. त्यांनी ते हातावर पेनने लिहून घेतले. ही त्यांची छापखान्यातली सवय होती. आत कागद नेता येत नसे.

बुधवारी दुपारी ते फिल्म घेऊन खिडकीशी बसले. छापखान्यात त्यांचे काम पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासण्याचे होते. रंग सरकला आहे का, छिद्रे नक्षीत शिरली आहेत का, शाई फुटली आहे का, हे पाहायचे आणि सदोष ताव बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एक भिंग विकत घेतले होते. ते एरवी पंचांग वाचायला लागे. त्या भिंगातून त्यांनी फिल्मवरचा सांगाडा डोक्यापासून पायापर्यंत पाहिला. एक चित्र समोरून घेतलेले होते, एक मागून.

"इकडे ये," ते म्हणाले. "हे बघ. बाकी सगळं हाडाच्या रेषेत आहे. हा डाग रेषेबाहेर गेलाय. आणि समोरच्या चित्रात गडद आहे, मागच्यात फिका."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते मला माहीत नाही. माझ्याकडे असा ताव आला असता तर मी बाजूला ठेवला असता."

गुरुवारी मी स्कॅन सेंटरच्या डॉक्टरांना फोन केला आणि हे जसेच्या तसे विचारले. ते शांतपणे बोलले. या कॅमेऱ्याचे चित्र फोटोसारखे रेखीव नसते, कडा पसरतात, गडद जागा तिच्या खऱ्या आकारापेक्षा मोठी दिसते. समोर गडद आणि मागे फिके, याचा अर्थ जागा शरीरात पुढच्या बाजूला आहे, एवढाच. मी ते टिपून घेतले आणि वडिलांना सांगितले. "बरं," ते म्हणाले आणि भिंग डबीत ठेवले. एका बाजूची खात्री करून मी थांबले होते. बातमीच्या बाबतीत मी असे करत नसे.

शुक्रवारी सकाळी आई तीळ भाजत होती. संक्रांत चार दिवसांवर होती. लाडू करायचे की नाही यावर तिने आदल्या दिवशी दोनदा मत बदलले होते. वडील आंघोळ करून आले आणि त्यांनी रुमाल मागितला.

"तुमचा तुम्ही धुता ना आता? तुमचा तुम्हीच शोधा," आई म्हणाली.

वडील गॅलरीत उन्हाला जाऊन बसले.

"बाबांनी रुमाल धुतला?" मी विचारले.

"सोमवारी. दवाखान्यातून आले ते तडक मोरीत. पायातले बूट काढले नाहीत. साबण लावून, घासून, पिळून स्वतः दोरीवर टाकला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, या माणसाने कधी पंचा झटकला नाही. मला कळेना, हे आजारी आहेत की सुधारलेत."

तिने गॅस बारीक केला. मी गॅलरीत गेले. वडिलांनी वर्तमानपत्र समोर धरले होते.

"बाबा, सोमवारी रुमाल का धुतलात?"

"मळला होता."

"कशाने?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आई तीळ हलवत होती, उलथन्याचा आवाज येत होता.

"स्कॅनच्या आधी जाऊन आलो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाहेर आलो आणि परत थोडं झालं. बायोप्सीपासून होतं असं कधी कधी."

"मग?"

"पुसलं."

"रुमालाने?"

"हो."

"आणि रुमाल?"

"खिशात ठेवला."

"कुठल्या?"

त्यांनी उजवा हात पँटच्या पुढच्या खिशावर ठेवला. बोटे जिथे टेकली ती जागा फिल्मवर डाग होता तीच होती.

"आत जाताना तो खिशात होता? मशीनखाली झोपलात तेव्हा?"

"होता."

"त्या बाईंना सांगायचं नाही का?"

"तिने धातूचं विचारलं होतं," वडील म्हणाले.

हे उत्तर मला त्या वेळी उडवाउडवीचे वाटले. ते तसे नव्हते. छापखान्याच्या फाटकावर रोज दोनदा झडती व्हायची. मागे सुटलेल्या कामगारांची रांग असायची. पहारेकरी विचारेल ते दाखवायचे, विचारले नाही ते बोलायचे नाही, कारण जास्तीचा एक शब्द बोलला की माणसाला बाजूला घेत आणि सगळी रांग खोळंबे. वडील ही गोष्ट आमच्या लहानपणापासून आम्हाला शिस्तीची म्हणून सांगत आले होते. चौतीस वर्षांत त्यांना एकदाही बाजूला घेतले गेले नव्हते. आणि त्या दिवशी दारात एक परक्या बाई उभ्या होत्या, मागे मी होते.

मी पुन्हा स्कॅन सेंटरला फोन लावला. डॉक्टरांना रुमालाचे सांगितले.

"रुमाल ओला होता?"

"त्याने पुसलं होतं. घडी घालून खिशात."

"लघवीत ते औषध भरपूर असतं. रुमाल कॅमेऱ्याला दिसणारच." मग ते म्हणाले, "पण एक लक्षात घ्या. डाग रुमालाचा असू शकतो. रुमालाखाली हाडातही काही असू शकतं. फिल्म बघून मी आता वेगळं करू शकत नाही. कपडे काढून तिथलंच चित्र परत घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. ते आमच्याकडून राहिलं."

"आता काय करता येईल?"

"परत करायला लागेल. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तीन तास. उद्या सकाळी नऊला आणा. उद्याचं औषध आहे माझ्याकडे."

मग मी मूत्रविकाराच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतले आणि ते दोनच वाक्ये बोलले. सर्जनकडे रविवारची अंतिम यादी शनिवारी चार वाजता जाते. चारच्या आत लेखी अहवाल माझ्या टेबलावर असेल तर बोलू, नाहीतर इंजेक्शन ठरल्याप्रमाणे.

आईला सांगणे भाग होते. तिने भाजलेले तीळ ताटात ओतले.

"मला नाही सांगता आलं?" ती गॅलरीच्या दिशेने म्हणाली. "चादरी कोण बदलतंय दोन महिने? मला काय, दिसत नव्हतं?"

वडील म्हणाले, "तू विचारलं नव्हतंस."

"मी विचारायची वाट बघत बसलात, आणि तिकडे तुमचा खुबा गेला असता."

"खुबा जात नव्हता. ऑपरेशन जात होतं."

"तेच ते," आई म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी सकाळी थंडी होती. आम्ही आठला नाशिक रोडहून रिक्षाने निघालो. वाटेत द्वारका चौकात वाहतूक अडली होती. तिथे पंधरा मिनिटे गेली. वडील प्रत्येक सिग्नलला घड्याळ बघत होते. नऊ वीसला इंजेक्शन झाले. रात्रीपासून त्यांना अन्न कमी दिले होते. रविवारी ऑपरेशन झालेच तर पोट रिकामे लागेल, म्हणून. आईने फ्लास्कमध्ये पाणी कोमट करून आणले होते. दर वीस मिनिटांनी ती पेला भरायची आणि वडील प्यायचे. बारा वाजेपर्यंत ते पाच वेळा बाथरूमला जाऊन आले. प्रत्येक वेळी साबणाने हात धुतले की नाही, हे आईने विचारले. भिंतीवरच्या घड्याळात मिनिटकाटा उडी मारून पुढे जायचा.

बारा दहाला त्याच टेक्निशियन बाईंनी हाक मारली. त्यांना सगळे कळले होते. त्यांनी वडिलांना बिनखिशाचा गाऊन दिला.

"काका, आज आत काही नको. खिशात काही आहे?"

"खिसाच नाही," वडील म्हणाले.

बाई हसल्या. वडील बदलून आले, आत जाण्याआधी शेवटचे बाथरूमला गेले आणि परत येऊन दाराच्या चौकटीशी थांबले. बाई दार धरून उभ्या होत्या. मी आणि आई पाच फुटांवर बाकावर होतो. कुणी काही विचारलेले नव्हते.

"थांबा," वडील म्हणाले. "आत्ता परत झालंय. थोडंसं. गाऊनला लागलंय. मांडीलाही लागलं असेल."

त्यांनी हे नेहमीच्या आवाजात सांगितले. बाकावर आणखी दोन पेशंटचे नातेवाईक होते. त्यांतल्या एकाने मान वळवून पाहिले.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "चला, धुऊन घेऊ. दुसरा गाऊन देते."

आई उठली. "मी येते," ती म्हणाली. बाथरूममध्ये नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. आतून आईचे एकच वाक्य ऐकू आले. "पाय इकडे करा, नीट उभे राहा, मी काही पहिल्यांदा बघत नाहीये."

साडेबाराला वडील मशीनखाली गेले. समोरचे आणि मागचे चित्र झाल्यावर डॉक्टरांनी खुब्याची वेगळी चित्रे तिरक्या बाजूने घेतली. एक वाजून दहा मिनिटांनी वडील बाहेर आले आणि शेजारी येऊन बसले. आईने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. मी चार वाजायला किती वेळ आहे ते पाहिले. दोन तास पन्नास मिनिटे होती.

पावणेदोनला डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले. पडद्यावर दोन सांगाडे शेजारी शेजारी होते, सोमवारचा आणि शनिवारचा.

"हा सोमवारचा डाग," डॉक्टर म्हणाले. "आणि ही आजची तीच जागा."

आजच्या चित्रात उजवा खुबा डाव्यासारखा होता.

वडिलांनी चष्मा पुसला, पुढे झुकले आणि पडद्यावर बोट न टेकवता दाखवले. "हे काय आहे?"

कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशी एक फिका ठिपका होता.

"तो सोमवारीही होता."

"तेच म्हणतोय. तो दोन्हीत आहे. आणि रेषेच्या आत आहे."

आई वडिलांकडे वळली. "आता तुम्ही काढू नका नवीन."

"झिजेचा आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या डिसेंबरच्या एमआरआयमध्ये तो मणका आलेला आहे. मी आज ती फिल्म मागवून बघितली. तिथे झीजच दिसते. सोमवारच्या अहवालातही मी तेच लिहिलं होतं, दुसऱ्या ओळीत. खुब्यामुळे कुणी ती ओळ वाचली नाही."

मी सोमवारचा अहवाल पिशवीतून काढला. ओळ होती.

टाइप केलेला अहवाल दोन वाजून चाळीस मिनिटांनी हातात आला. उजव्या खुब्यापाशी औषध साठल्याचे आढळत नाही. आधीच्या स्कॅनमधला डाग कपड्याला लागलेल्या लघवीमुळे आलेला दिसतो. हाडांत आजार पसरल्याची खूण नाही. आई-वडिलांना तिथेच बसवून मी रिक्षा केली. तीन वाजून पाच मिनिटांनी अहवाल मूत्रविकाराच्या डॉक्टरांच्या टेबलावर होता. ते एका पेशंटला तपासत होते. तीन वीसला त्यांनी तो वाचला, दोन्ही फिल्म पेटीवर लावल्या, मग सर्जनना फोन केला. सर्जननी अहवालातले शेवटचे वाक्य त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले.

"उद्या पहिलं नाव," डॉक्टर फोन ठेवून म्हणाले. "आज संध्याकाळी सहाला दाखल करा. रात्रीनंतर पाणीसुद्धा नाही."

वडिलांना दाखल करताना नर्सने विचारले, कुठलं औषध चालू आहे, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. वडिलांनी दोन्हींची उत्तरे दिली. मग न विचारता म्हणाले की लघवी कधी कधी आपोआप होते, खाली रबरी कापड टाका. नर्सने ते कागदावर लिहिले.

ऑपरेशन रविवारी सकाळी साडेआठला सुरू झाले आणि एक वाजता संपले. दहा दिवसांनी ग्रंथीचा तपासणी अहवाल आला. आजार कवचाच्या आत होता. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. सोबत काढलेल्या आजूबाजूच्या लसिकागाठींमध्ये काही आढळले नाही. तीन महिन्यांनी पीएसए मोजता येण्याच्या खाली आली.

डिसेंबर २००९ मध्ये कंबर दुखते म्हणून त्याच सेंटरमध्ये पुन्हा हाडांचा स्कॅन झाला. पीएसए त्या आठवड्यातही मोजता येण्याच्या खालीच होती. अहवालात खुब्याचा उल्लेख नाही. शेवटच्या मणक्यातला फिका ठिपका २००८ मध्ये होता तेवढाच आहे.